गोळा अडवायचा कोठे?

रामायण-महाभारताच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या मनाला अस्त्रांचे युद्ध काही नवे नाही. एका वीराने अग्न्यस्त्र सोडावे आणि दुसऱ्याने पर्जन्यास्त्राने ते विझवावे. एकाचा बाण सुटावा आणि दुसऱ्याच्या बाणाने तो अंतराळातच छेदून टाकावा. कीर्तनकार हा प्रसंग रंगवू लागला की श्रोत्यांपैकी कोणालाही त्यात अशक्य असे काही वाटत नाही. शत्रूचा प्रहार आपल्या अंगणात पोचण्यापूर्वीच वाटेत अडवावा, ही इच्छा मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. आज मला या इच्छेचा थोडा हिशोब आपल्यापुढे मांडावयाचा आहे. तोफेतून सुटलेला गोळा आकाशात अडविता येतो काय? येत असेल तर कोणत्या मोलाने? आणि सर्वत्र येत नसेल, तर ज्याच्या घरावर तो पडावयाचा आहे त्या माणसाचे रक्षण कसे करावयाचे?

मी सैनिक नव्हे, तसा शास्त्रज्ञही नव्हे. सरकारी नोकरीत ज्याचे दिवस इतरांच्या योजना वाचण्यात आणि त्यांवर अभिप्राय लिहिण्यात जातात, अशांपैकी मी एक. या व्यवसायात माणसाला एक सवय जडते. योजना कितीही मनोहर असली तरी ती वाचताना तीन प्रश्न आपोआप ओठांवर येतात. ज्या पदार्थातून ती घडवावयाची तो पदार्थ हा ताण सोसेल काय? तिला लागणारा पुरवठा रोजच्या रोज होईल काय? आणि तिला पैसा किती लागेल? पदार्थ, पुरवठा आणि पैसा हे ते तीन प्रश्न. शस्त्रांच्या बाबतीत तर त्यांचे उत्तर माणसांच्या प्राणांशी बांधलेले असते.

नव्या शस्त्रांच्या कल्पनांना जगात कधीच तोटा पडलेला नाही. पहिले महायुद्ध चालू असता, १९१५ साली अमेरिकेच्या नौदलाने थॉमस एडिसन यांच्या अध्यक्षतेखाली एक सल्लागार मंडळ नेमले आणि नागरिकांकडून सूचना मागविल्या. सुमारे १ लाख १० हजार सूचना आल्या. त्यांपैकी बारकाईने विचार करण्याजोग्या ठरल्या अवघ्या ११०, आणि प्रत्यक्ष उत्पादनापर्यंत पोचली ती केवळ एक. आता या लाखभर लोकांना वेडगळ म्हणून हसणे सोपे आहे. परंतु त्यांपैकी पुष्कळांचा मुलगा किंवा भाऊ रणांगणावर असेल किंवा तेथे जावयाच्या वाटेवर असेल. तो सुखरूप परत यावा, एवढ्यासाठीच त्यांनी रात्री जागून आकृत्या काढल्या असतील. मग अशा कल्पना अडतात तरी कोठे?

प्रथम बंदुकीचेच उदाहरण घेऊ. लंडनच्या जेम्स पकल नावाच्या एका वकिलाने १७१८ साली एका अजब बंदुकीचे पेटंट घेतले. तिवईवर बसविलेली एक नळी, तिच्या मागे फिरणारे गोल चाक, आणि त्या चाकात अनेक बार भरून ठेवलेले. ख्रिस्ती शत्रूंसाठी वाटोळ्या गोळ्या आणि तुर्कांसाठी चौकोनी, अशी त्याची तरतूद होती! १७२२ साली भर पावसात या बंदुकीने सात मिनिटांत ६३ बार काढून दाखविले. साध्या बंदुकीतून मिनिटाला दोन-तीन बार निघाले तरी पुष्कळ, असा तो काळ. तरीही ही बंदूक चालली नाही. चकमकीच्या ठिणगीवर भरवसा नव्हता, आणि इतके सुबक भाग शेकड्यांनी घडविण्याची ऐपत त्या काळच्या कारखान्यांत नव्हती. पितळी काडतूस, बिनधुराची दारू आणि यंत्रावर अचूक कापलेले पोलाद या तिन्ही गोष्टी जमून येण्यास दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. हिरम मॅक्सिमची स्वयंचलित मशीनगन आली ती १८८४ च्या सुमारास. पकलची कल्पना खोटी नव्हती. पदार्थ तिच्यासाठी तयार झालेला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी कोपऱ्याआडून मारा करता यावा म्हणून रायफलीला वाकडी नळी जोडून पाहिली. गोळी वळली खरी, पण वळताना नळी झिजू लागली आणि गोळीचे तुकडे होऊ लागले. ३० अंश वाकविलेली नळी तीनएकशे बारांतच निकामी होई. पुढे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत रॉकेट उडविणारे पिस्तूल निघाले. त्याला धक्का जवळजवळ नव्हता आणि जाड नळीचीही गरज नव्हती. परंतु रॉकेट हळूहळू वेग घेते. साधी गोळी नळीच्या तोंडाशी सर्वांत वेगवान असते, तर हे रॉकेट तेथेच सर्वांत मंद असे. पिस्तुलाचा उपयोग असतो तो चार पावलांवर, आणि चार पावलांवरच हे दुबळे ठरले. लांबवर त्याचा वेग वाढे, पण तेथे नेमाचा भरवसा राहत नसे.

याहून बोधप्रद आहे ती बिनपुंगळीच्या काडतुसाची कथा. बंदुकीचा बार उडाला की पितळी पुंगळी बाहेर फेकली जाते. ती वाहून नेण्याचे ओझे सैनिकाच्या पाठीवर, आणि तिच्या पितळेचा खर्च सरकारच्या माथी. मग ही पुंगळी हवीच कशाला? दारूची घट्ट वडी करावी, तिच्यातच गोळी रुतवावी, म्हणजे बार होताच सारे जळून जाईल, अशी ही कल्पना होती. पश्चिम जर्मनीत या तत्त्वावर ‘जी ११’ नावाची रायफल तयार करण्यात पंधरा-वीस वर्षे खर्ची पडली. काम सुरू झाल्यावर ध्यानात आले की ती निरुपयोगी वाटणारी पुंगळी मुकाट्याने एक मोठे काम करीत असते. बाराची पुष्कळशी उष्णता ती आपल्याबरोबर बाहेर घेऊन जाते. ती गेल्यावर उष्णता बंदुकीतच साठू लागली, आणि घोडा न दाबताच काडतुसे पेट घेऊ लागली. शास्त्रज्ञांनी हार मानली नाही. अधिक उष्णतेस टिकणारी नवी दारू त्यांनी तयार केली, आणि रायफल उत्तम चालू लागली. पण तोवर १९९० साल उजाडले, दोन्ही जर्मनी एक झाल्या, तिजोरीवर दुसरे भार आले. शिवाय मित्रराष्ट्रांच्या सैन्यांत सर्वत्र चालणारे काडतूस या रायफलीत बसत नव्हते. पदार्थाचा प्रश्न सुटला होता. पुरवठा आणि पैसा या दोन प्रश्नांवर ती रायफल संग्रहालयात जाऊन बसली.

ऑस्ट्रेलियातील ‘मेटल स्टॉर्म’ या कंपनीचा प्रयोगही असाच. एकाच नळीत एकामागे एक गोळ्या रचावयाच्या, त्यांच्यामध्ये दारू ठेवावयाची, आणि विजेच्या इशाऱ्याने त्या पाठोपाठ उडवावयाच्या. ३६ नळ्यांच्या नमुन्याचा मारा मिनिटाला दहा लाख गोळ्यांच्या गतीने होतो, असे सांगण्यात येई. ते गतीपुरते खरेही होते. पण प्रत्यक्षात १८० गोळ्या सेकंदाच्या शंभराव्या भागात संपत. त्यानंतर त्या नळ्या पुन्हा भरावयाच्या कोठे, कोणी आणि किती वेळात? कारंजे कितीही उंच उडाले तरी टाकीत पाणी किती आहे हे विचारावेच लागते. २०१२ साली या कंपनीचा कारभार आटोपला.

सर्वच कल्पना अशा वाया जातात असे मात्र नाही. मराठी बखरींतून ‘बाण’ म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ती दारूने उडणारी अस्त्रे आपल्याकडे जुनीच होती. युरोपात त्यांची नळी कागदी पुठ्ठ्याची असे. हैदर आणि टिपू यांच्या म्हैसूरच्या कारागिरांनी ती लोखंडाची केली. लोखंडाने दारूचा अधिक दाब सोसला आणि बाण दूरवर जाऊ लागला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी हे बाण मायदेशी नेले, आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांच्यावरून ब्रिटिश रॉकेट तयार केले. या बाणाला लोखंडी नळीची जोड मिळाली आणि कल्पना जगभर पसरली. आजही हाच न्याय लागू आहे. पुण्यातील पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केलेली १५५ मिलिमीटरची स्वदेशी तोफ घ्या. तोफेचे तत्त्व शतकानुशतके जुने. तरी २०१३ साली हाती घेतलेल्या या कामाचा ३०७ तोफांच्या खरेदीचा करार झाला तो मार्च २०२५ मध्ये. जाणत्या वाटेवरही बारा वर्षे लागतात.

आता या तीन प्रश्नांसह आपण आकाशात अडवावयाच्या गोळ्याकडे वळू. १५५ मिलिमीटरचा गोळा म्हणजे सुमारे ४५ किलो वजनाचा पोलादी पिंड. त्याच्या पोटात सात ते अकरा किलो स्फोटक. समोरून पाहिला तर त्याची रुंदी एक वीतही भरत नाही. तोफेच्या तोंडातून तो सेकंदाला सातशे-आठशे मीटर वेगाने सुटतो, आणि पंधरा किलोमीटरचे अंतर पाऊण मिनिटाच्या आसपास कापतो. एवढ्या अवधीत रडारने त्याला पाहावे, तो पक्षी नसून गोळा आहे हे ओळखावे, त्याचा मार्ग गणिताने काढावा, तोफ त्या दिशेला वळवावी आणि बार काढावा. बार काढावयाचा तोही गोळा आता जेथे आहे तेथे नव्हे, तर आपली गोळी पोचेल तेव्हा तो जेथे असेल तेथे. आपली गोळी एक किलोमीटर जाण्यास सुमारे एक सेकंद घेते. तेवढ्यात शत्रूचा गोळा तीनशे मीटर पुढे आलेला असतो. नेमात अंशाच्या सतराव्या भागाएवढी चूक झाली तरी किलोमीटरवर गोळी एक मीटर बाजूला जाते, आणि लक्ष्य आहे वीतभराचे.

बरे, गोळी लागली म्हणजे काम झाले, असेही नाही. विमान किंवा ड्रोन ही नाजूक यंत्रे आहेत. पंख तुटला, इंजिन बिघडले की ती पडतात. तोफगोळ्याला पंख नाही, इंजिन नाही, चालक नाही. नळीतून सुटताना त्याला गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटींहून अधिक धक्का सोसावा लागतो, आणि तो सोसण्यासाठीच त्याचे पोलाद जाड केलेले असते. तो आधीच खाली पडत असतो. त्याला ‘पाडणे’ या शब्दाला अर्थच उरत नाही. त्याच्या पोटातले स्फोटक हवेतच उडविणे हाच काय तो उपाय. तेही जमले तर त्याच्या आणि आपल्या गोळ्यांच्या ठिकऱ्या कोठेतरी पडणारच.

या शेवटच्या मुद्द्याने १९४४ साली लंडनमध्ये एका योजनेचा निकाल लावला. जर्मनांची व्ही-२ रॉकेटे येणार अशी कुणकुण होती. ध्वनीहून कितीतरी वेगाने येणाऱ्या या अस्त्रापुढे विमाने आणि फुगे निरुपयोगी होते. तेव्हा विमानवेधी तोफांचे प्रमुख जनरल पाइल यांच्या दलाने सुचविले की रॉकेटच्या वाटेवर गोळ्यांचा पडदा धरावा. पहिला हिशोब निघाला तो एका रॉकेटमागे ३ लाख २० हजार गोळ्यांचा! त्यांतील शेकडा दोन न फुटता परत खाली येतील, असे धरले तरी लंडनवर पडणारे आपलेच पोलाद आणि दारू त्या एका रॉकेटपेक्षा अधिक अनर्थ करील, असे दिसून आले. योजना नाकारण्यात आली. पुढे गणित सुधारून गोळ्यांची संख्या खाली आणण्यात आली, पण अमलात येण्यापूर्वीच युद्ध संपले.

त्याच उन्हाळ्यात, त्याच इंग्लंडात, दुसरी एक कल्पना मात्र विलक्षण यशस्वी झाली. व्ही-१ हा उडता बाँब ताशी सहाशे-साडेसहाशे किलोमीटर वेगाने, सरळ रेषेत आणि एकाच उंचीवरून येई. त्याच्याविरुद्ध किनाऱ्यावर नव्या रडारला जोडलेल्या तोफा मांडण्यात आल्या, आणि त्यांच्या गोळ्यांच्या टोकात एक चिमुकला रेडिओ बसविण्यात आला. लक्ष्य जवळ आले की त्याच्या परावर्तित लहरीवरून गोळा स्वतःच फुटे. थेट आदळण्याची गरजच उरली नाही. काचेच्या नळ्यांचा रेडिओ तोफेचा धक्का सोसून चालू राहील, हे आधी कोणालाही खरे वाटले नसते. अमेरिकेत मर्ल ट्यूव्ह यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखविले. ऑगस्टच्या अखेरीस बहुसंख्य उडते बाँब वाटेतच पडू लागले. स्वप्नातली वाटणारी गोष्ट कधी साध्य होते, याचा हा नमुना. पण हेही ध्यानात ठेवावे की व्ही-१ हे एक लहानसे विमानच होते, तोफगोळा नव्हे.

मग तोफगोळा कधी आकाशात अडविला गेला आहे काय? होय, गेला आहे. १९७० नंतरच्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या ‘सी वुल्फ’ क्षेपणास्त्राने चाचणीत साडेचार इंची गोळा टिपला. २००२ च्या नोव्हेंबरात अमेरिका आणि इस्रायल यांनी मिळून केलेल्या लेझर यंत्राने उडता तोफगोळा तापवून हवेत फोडला. परंतु त्या यंत्राचा पसारा कित्येक बसगाड्यांएवढा होता आणि त्याला विषारी रसायनांचे इंधन लागे; काही वर्षांत तो प्रकल्प गुंडाळावा लागला. आजची विजेवर चालणारी लेझर यंत्रे पुष्कळ आटोपशीर झाली आहेत आणि त्यांच्या एका प्रहाराचा खर्चही फार थोडा. तथापि किरणाला गोळ्यावर काही क्षण एकाच जागी स्थिर राहावे लागते, आणि धुके, धूळ, ढग हे त्याचे जन्मजात वैरी आहेत.

इराकमधील अमेरिकी तळांवर २००५ पासून जहाजावरची सहा नळ्यांची ‘फॅलँक्स’ तोफ जमिनीवर आणून बसविण्यात आली. तिच्यातून सेकंदाला पाऊणशे गोळ्या सुटतात, आणि ज्या लक्ष्याला लागत नाहीत त्या आकाशातच स्वतःहून फुटून जातात. म्हणजे लंडनमध्ये जी भीती होती तिचे निवारण झाले. जर्मनीने याहून निराळी युक्ती योजिली. तेथील ३५ मिलिमीटरच्या तोफेतून निघणारा प्रत्येक गोळा नळीच्या तोंडाशीच आपला वेग मोजून घेतो आणि नेमक्या क्षणी फुटून टंगस्टनच्या १५२ गुटिका शत्रूच्या वाटेवर पसरतो. ही सारी यंत्रे खरी आहेत. त्यांनी सैनिकांचे प्राण वाचविले आहेत. पण त्यांची छाया एखाद-दुसऱ्या किलोमीटरपुरती असते. एखादा तळ तिच्याखाली मावतो. जिल्हा मावत नाही. शिवाय शत्रूच्या सहा तोफांनी मिनिटाला चार-चार गोळे टाकले तरी एका मिनिटात २४ गोळे येतात, आणि रक्षण करणाऱ्या तोफेची पेटी रिकामी होते.

इस्रायलच्या ‘आयर्न डोम’ने २०११ पासून हे छत्र शहराएवढे रुंद करून दाखविले. तिच्या यशाचे एक मर्म असे की ती प्रत्येक रॉकेट पाडतच नाही. जे रानात पडणार ते गणिताने ओळखून सोडून देते. तरीही तिच्या एका क्षेपणास्त्राची किंमत चाळीस-पन्नास हजार डॉलर असल्याचे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, तर साधा तोफगोळा काही हजार डॉलरांत तयार होतो. ज्याचा प्रहार स्वस्त आणि ज्याची ढाल महाग, अशा झगड्यात ढाल धरणाराची तिजोरी आधी आटते.

हा हिशोब आपल्याला परका नाही. मे २०२५ मध्ये आपल्या विमानवेधी तोफांनी आणि क्षेपणास्त्रांनी सीमेवरून आलेली ड्रोन मोठ्या संख्येने पाडली, याचा देशभर अभिमान वाटला. परंतु त्याच दिवसांत, ७ मे रोजी, पुंछ शहरावर आणि आसपासच्या गावांवर तोफगोळे पडले आणि डझनाहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. त्यांत मुलेही होती. नियंत्रण रेषा सुमारे ७४० किलोमीटर लांबीची आहे. तिच्या काठाकाठाने वसलेल्या प्रत्येक खेड्यावर छत्र धरील असे यंत्र आज कोणत्याही राष्ट्रापाशी नाही. या खेड्यांतील माणसांना ‘विज्ञान प्रगती करीत आहे’ असे सांगून आपली सुटका होत नाही.

मग गोळा अडवावयाचा कोठे? माझे म्हणणे असे की गोळ्याच्या आयुष्याचे तीन टप्पे आहेत: सुटण्यापूर्वी, उडताना आणि पडताना. यांपैकी मधला टप्पा सर्वांत अवघड, आणि आपली कल्पनाशक्ती नेमकी त्याच्याच मागे लागते. आधीच्या आणि नंतरच्या टप्प्यांत तेज कमी, पण फळ अधिक आहे.

आधीचा टप्पा पाहू. पहिल्या महायुद्धात विल्यम टकर नावाचा एक शास्त्रज्ञ फ्लँडर्समध्ये एका झोपडीत राहत असे. दूरवर तोफ उडाली की भिंतीतल्या भोकांतून गार हवेची झुळूक आपल्या तोंडावर येते, हे त्याच्या ध्यानात आले. त्यावरून त्याने विजेने तापविलेल्या तारेचे उपकरण केले; तोफेच्या मंद, खोल आवाजाने तार किंचित निवे आणि त्याची नोंद होई. नोबेल पारितोषिक मिळविलेले तरुण भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग यांनी अशी उपकरणे ओळीने मांडून, आवाज पोचण्याच्या वेळांतील फरकावरून लपलेल्या तोफेची जागा शोधून काढली. आज तेच काम रडार करते. उडत्या गोळ्याच्या मार्गाचा तुकडा दिसला की ज्या गणिताने तो कोठे पडणार हे कळते, त्याच गणिताने तो कोठून सुटला हेही कळते. १९९९ च्या कारगिल युद्धात अशा आधुनिक रडारांची उणीव आपल्या सैन्याला फार जाणवली. पुढे ती अमेरिकेकडून घेण्यात आली, आणि बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी घडविलेले ‘स्वाती’ हे रडार २०१७ साली सैन्याच्या हाती आले. आपला ठावठिकाणा क्षणात उघडा पडतो हे ज्या गोलंदाजाला ठाऊक असते, तो दुसरा बार काढण्यापूर्वी विचार करतो.

सुटण्यापूर्वी गोळा अडविण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो कागदाचा आहे. २०२० साली जम्मू-काश्मीरच्या सीमेवर शस्त्रसंधीचा भंग पाच हजारांहून अधिक वेळा झाला, अशी सरकारी नोंद आहे. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांनी संयुक्त निवेदन काढले, आणि त्यानंतर सुमारे चार वर्षे तोफा जवळजवळ मुक्या राहिल्या. जगातील कोणत्याही यंत्राने इतके गोळे अडविलेले नाहीत. अर्थात कागद फाटू शकतो, आणि २०२५ च्या वसंतात तो फाटलाही.

म्हणून तिसरा टप्पा, पडताना. गोळ्याच्या ठिकऱ्यांनी उघड्यावरचा माणूस दूरवरही दगावतो. जाड काँक्रीटच्या छताखालचा माणूस बहुधा वाचतो. २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने जम्मू विभागाच्या सीमेवरील जिल्ह्यांसाठी १४,४६० निवारे मंजूर केले. खर्चाचा अंदाज ४१५ कोटी रुपयांचा. म्हणजे एका निवाऱ्यामागे सरासरी तीन लाखांहूनही कमी. वर्षे निराळी असल्याने तुलना ढोबळच राहील, पण एका आधुनिक प्रतिक्षेपणास्त्राच्या किमतीत असे दहा-बारा निवारे होतात. क्षेपणास्त्र एकदाच उडते. निवारा पुढच्या पिढीलाही उपयोगी पडतो. त्याला रडारची जोड मिळाली आणि गोळा पडण्यापूर्वी वीस-पंचवीस सेकंद आधी भोंगा वाजला, तर अंगणातले मूल छताखाली पोचू शकते. मात्र निवारा घरापासून पन्नास पावलांवर हवा, त्यात पाणी साचता कामा नये, त्याचे दार आतून उघडता आले पाहिजे, आणि त्यात लाकडे व गवत भरून ठेवलेले असता कामा नये. या गोष्टी कोणत्याही शोधाच्या इतिहासात नोंदल्या जाणार नाहीत. त्या नोंदल्या जातात तहसीलदाराच्या तपासणी-वहीत, आणि तेथे त्या नोंदल्या गेल्या नाहीत तर मंजुरीच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

यावरून कोणी असे समजू नये की आकाशातल्या ढालीचा नाद सोडून द्यावा. गोळ्याच्या टोकात रेडिओ बसविण्याची कल्पनाही एके काळी थट्टेचाच विषय झाली असती. प्रयोगशाळांतून तो प्रयत्न चालू राहिला पाहिजे, आणि आपल्या तरुण अभियंत्यांनी त्यात हिरिरीने भाग घेतला पाहिजे. माझी विनंती एवढीच की अशी प्रत्येक कल्पना पुढे मांडताना तिच्या शेजारी तिचा हिशोबही मांडावा. आणि जोवर तो हिशोब जुळत नाही तोवर सीमेवरच्या माणसाला त्या कल्पनेच्या भरवशावर उघड्यावर ठेवू नये. स्वप्नाला वेळ देता येतो. पुंछच्या गल्लीत खेळणाऱ्या मुलाच्या डोक्यावर छप्पर मात्र आजच हवे, आणि ते बांधण्याची विद्या आपल्यापाशी आजच आहे.